फॉगलाइट बसवल्यावर बिघडलेले इंडिकेटर : दुरुस्तीच्या नोंदी

११ जानेवारी

धाकट्याची मोटरसायकल आज ताब्यात घेतली. १२ व्होल्टची गाडी. चारही इंडिकेटरना १० वॅटचे साधे बल्ब, त्यांना मिचकावायला लावणारा दोन पिनांचा फ्लॅशर, आणि मीटरमध्ये डावं-उजवं मिळून एकच हिरवा दिवा. महिन्यापूर्वी त्याने लेगगार्डवर २० वॅटचे दोन एलईडी फॉगलाइट बाहेरून बसवून घेतले. तेव्हापासून डावा इंडिकेटर कधी मंद पेटतो, तर कधी एकदम दुप्पट वेगाने मिचकावायला लागतो. उजवाही अधूनमधून तसंच करतो. दिवे बसवणाऱ्याने आधी फ्लॅशर बदलून दिला, मग बल्ब बदलले. तक्रार होती तिथेच राहिली.

"ताई, फ्लॅशरच डुप्लिकेट निघाला असेल," असं धाकट्याचं मत. असेलही. पण नवा भाग टाकून बिघाड गेला नाही, की बहुतेक वेळा बिघाड त्या भागात नसतोच.

आज एकही स्क्रू उघडला नाही. बिघाड समोर घडवून आणता आला पाहिजे, नाहीतर नंतर तो खरंच गेला की नुसता लपला हे कळत नाही. म्हणून फॉगलाइट बंद आणि चालू, इंजिन बंद आणि चालू, हँडल सरळ आणि दोन्हीकडे पूर्ण वळवून, असं सगळं ओळीने करून पाहिलं. फॉगलाइट बंद असताना डावी बाजू जवळजवळ ठीक. चालू केले की पुढचा डावा दिवा स्पष्ट मंदावतो. आणि फॉगलाइट चालू ठेवून हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की पुढचा डावा जवळपास विझतो आणि मागचा धडधडत मिचकावतो. उजव्या बाजूला फॉगलाइटचा काही संबंध दिसत नाही. ती बाजू स्वतःच्या मर्जीने बिघडते आणि सुधारते.

हे दोन वेगळे बिघाड असावेत असं वाटतंय. दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर न्यायची नाही, हे धाकट्याकडून कबूल करून घेतलं. मागच्याला दिव्याचा पत्ताच लागला नाही, तर आपण वळणार हे त्याला कळणार कसं?

१२ जानेवारी

आज फक्त कागद आणि पेन्सिल. गाडीचा वायरिंगचा नकाशा मिळाला. त्यावर मूळ वायरिंग काळ्या पेन्सिलीने काढलं. फॉगलाइटचं वायरिंग जसजसं सापडेल तसं लाल पेन्सिलीने भरायचं ठरवलं.

इंडिकेटरचा रस्ता तसा छोटा आहे. बॅटरी, इग्निशन स्विच, फ्यूज, फ्लॅशरची 'बी' पिन, फ्लॅशरची 'एल' पिन, हँडलवरचा स्विच, तिथून डावी किंवा उजवी जोडी, आणि बल्बमधून अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परतायची वाट. मोठ्या गाड्यांच्या नकाशांत याच दोन पिनांना ४९ आणि ४९अ असे आकडे असतात. ही जर्मन डीआयएन ७२५५२ या मानकातली पद्धत आहे. त्यात ३० म्हणजे थेट बॅटरी, १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा करंट आणि ३१ म्हणजे अर्थ. वायरचे रंग प्रत्येक कंपनीचे निराळे, हे आकडे मात्र पुष्कळ ठिकाणी तेच असतात.

मिचकावण्याचा वेग नीट समजून घेतला तर बराच तपास बसल्या जागी होतो. जुना तापणाऱ्या पट्टीचा फ्लॅशर बल्बच्या करंटवर चालतो. करंट कमी झाला की पट्टी सावकाश तापते, म्हणून तो मंदावतो किंवा चालतच नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरचा स्वभाव उलटा. त्यातल्या बऱ्याच प्रकारांत करंट मोजायची सोय असते. एक बल्ब गेला, करंट ठरलेल्या पातळीखाली आला, की तो मुद्दाम वेग वाढवतो, म्हणजे चालवणाऱ्याला कळावं. या गाडीच्या फ्लॅशरवर '१२ व्होल्ट, १० वॅट × २ + ३ वॅट' असं छापलंय. दोन इंडिकेटर आणि मीटरमधला दिवा, एवढा भार असेल तरच तो योग्य वेगाने चालणार.

संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत हा वेग मिनिटाला ९० आणि त्यात ३० कमी-जास्त असा दिला आहे. म्हणजे ६० ते १२०. डावी बाजू फॉगलाइट बंद ठेवून मोजली तर ८४ येते, आणि हँडल वळवल्यावर १८० च्या घरात. फ्लॅशर बिघडलेला नाही. "माझा एक बल्ब सापडत नाही" असं तो सांगतोय, आणि त्याचं खरं आहे.

१६ जानेवारी

व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर काढला. इथे एक गोष्ट तपशिलाने लिहून ठेवते, कारण बहुतेक जण इथेच फसतात.

बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर लावला तर १२ व्होल्ट दिसतात आणि आपण म्हणतो, सप्लाय ठीक आहे. पण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. वायरचा एकच तंतू शिल्लक असला तरी त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. बल्ब लावून पाऊण अँपिअर ओढायला लागलात की त्या एका तंतूची लायकी कळते. म्हणून मोजमाप भार चालू असतानाच घ्यायचं, आणि तेही तुटीचं. मीटरचं एक टोक बॅटरीवर, दुसरं दिव्यापाशी, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळाले ते थेट आकड्यात दिसतं. अर्थच्या बाजूला ही तूट ०.१, फार तर ०.२ व्होल्ट असावी.

मिचकावत असताना मीटरचा आकडा सारखा उड्या मारतो. म्हणून फ्लॅशर काढला आणि त्याच्या जागी 'बी' ते 'एल' फ्यूज घातलेली वायर टाकली. आता इंडिकेटर न मिचकावता सलग पेटतात आणि मीटर स्थिर राहतो.

आधी प्लसची बाजू. बॅटरीच्या प्लसपासून फ्लॅशरच्या 'बी' पिनपर्यंतची तूट फॉगलाइट बंद असताना ०.३ व्होल्ट, चालू केल्यावर १.२. म्हणजे फॉगलाइट आपला करंट याच वायरमधून घेतायत. नकाशावर पहिली लाल रेघ इथे आली.

मग अर्थ. बॅटरीच्या मायनसपासून पुढच्या डाव्या होल्डरच्या अर्थपर्यंत, फॉगलाइट बंद असताना ०.३ व्होल्ट. हेच आधी जास्त. चालू केल्यावर १.४!

हिशोब जुळतो का पाहिला. १० वॅटचा बल्ब साधारण ०.८ अँपिअर घेतो. ०.३ भागिले ०.८, म्हणजे त्या वायरीत एक तृतीयांश ओहमच्या जरा वर काहीतरी अडतंय. फॉगलाइटचे ४० वॅट म्हणजे सव्वातीन अँपिअर. दोन्ही करंट त्याच वायरीतून परतले तर जवळजवळ चार अँपिअर, आणि तूट साधारण १.४ ते १.५. मोजलेला आकडा तोच आहे. फॉगलाइटचा परतीचा करंट डाव्या इंडिकेटरच्या अर्थमधून जातोय, हे टेप न सोडताच सिद्ध झालं. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या तिसऱ्या घातापेक्षाही जरा जास्त वेगाने उतरतो. दोन्हीकडची तूट धरली तर बल्बला जेमतेम पावणेदहा व्होल्ट मिळतायत, म्हणजे उजेड साधारण निम्मा. दुपारच्या उन्हात असा दिवा पेटलाय की नाही ते दिसतही नसेल.

एक शंका उरली. व्होल्टेज इतकं उतरलं तरी बल्बचा करंट थोडासाच कमी होतो, दहाबारा टक्के. तेवढ्याने फ्लॅशर एक बल्ब गेला असं मानणार नाही. मंद पेटणं समजलं, पण धडधड अजून नाही. तिचा संबंध हँडलशी आहे.

१७ जानेवारी

अंधार पडल्यावर गाडी पुन्हा उभी केली. पायलट दिव्याचा (हेडलाइटच्या आतला छोटा दिवा) स्विच बंद, फॉगलाइट चालू, डावा इंडिकेटर चालू. हँडल हळूहळू डावीकडे नेत गेले. शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात फॉगलाइट लुकलुकले, डावा इंडिकेटर मावळला, आणि हेडलाइटच्या आतला पायलट दिवा मंद तांबूस पेटला. त्याचा स्विच तर बंदच होता. हँडल जरा मागे आणलं की सगळं पूर्ववत.

हा दिवा उलट्या दिशेने पेटतोय. पायलट आणि पुढचा डावा इंडिकेटर या दोघांचा अर्थ एकाच हिरव्या वायरीवर आहे. ती वायर तुटली की करंटला बॅटरीकडे जायची वाट उरत नाही. मग तो पायलटच्या बल्बमधून उलटा शिरतो, त्याच्या प्लसच्या वायरीने मागे टेललाइटपर्यंत जातो आणि तिथल्या अर्थमधून बाहेर पडतो. बंद असलेला दिवा दुसऱ्याच स्विचने पेटायला लागला की अर्थ सुटलाय असं धरून चालावं. इतकी खात्रीची खूण वायरिंगमध्ये क्वचितच मिळते.

टेप सोडली. डाव्या इंडिकेटरच्या अर्थवर निळ्या प्लास्टिकचा दाबून बसवायचा टॅप कनेक्टर होता. वायर न सोलता आत घालायची आणि पक्कडीने मिटवायचं, की आतली खाचेची पत्री इन्शुलेशन कापून तांब्यावर बसते. खाच जाड वायरसाठीची, मूळ वायर मात्र बारीक, अर्ध्या चौरस मिलिमीटरची. ती खाचेत घट्ट बसलेलीच नव्हती. पत्रीने काही तंतू कापले होते, उरलेल्यांवर हिरवी भुकटी धरली होती. भिंगाखाली मोजले तर अखंड तंतू जेमतेम चार. शिवाय कनेक्टर बरोबर हँडलच्या बिजागरीपाशी, त्यामुळे हँडल वळलं की ते चार तंतूही ओढले जायचे. डावी बाजू धडधडायची ती यामुळेच.

प्लसचा टॅपही तसाच, फ्लॅशरच्या वायरीवर. आणि फ्यूज बॉक्समध्ये जे दिसलं त्याने खरोखर धास्ती बसली. झाकणावर १० अँपिअर छापलंय, आत २० चा फ्यूज. कारण कळतं. याच फ्यूजवर ब्रेकलाइट पावणेदोन, इंडिकेटर पावणेदोन ते दोन, हॉर्न साधारण तीन, त्यात फॉगलाइटचे सव्वातीन. सगळं एकदम चालू झालं की दहाच्या काठावर. कधीतरी १० चा उडाला असणार आणि कोणीतरी २० चा घातला. पण फ्यूज वायरला वाचवायला असतो. मूळ वायर १० च्या हिशोबाने निवडलेली. घासून शॉर्ट झाली तर आता फ्यूजच्या आधी वायर तापेल, आणि ती जाते पेट्रोलच्या टाकीखालून. बॅटरीची मायनस वायर आत्ताच सोडून ठेवली.

१९ जानेवारी

काम नाही, सामान जमवतेय. धाकट्याने विचारलं, "एक रेझिस्टर टाकून फ्लॅशर गप्प नाही का करता येणार?" करता येईल. जास्तीचा भार दिसला की वेग नॉर्मल होतो. पण मग पुढचा दिवा विझलेला असतानाही मीटरमधला हिरवा दिवा शांतपणे मिचकावत राहणार आणि त्याला वाटणार सगळं ठीक आहे. नियमसुद्धा बल्ब गेल्यावर वेग बदलायला मुभा देतात ती इशारा म्हणूनच. तो इशारा बुजवायला मी मदत करणार नाही, असं त्याला सांगितलं. शिवाय ६.८ ओहमचा रेझिस्टर १४ व्होल्टवर सुमारे २९ वॅट उष्णता टाकतो. प्लास्टिकच्या आवरणाआड त्याला सुरक्षित जागा शोधणं हे एक वेगळंच काम होऊन बसतं.

२४ जानेवारी

नवं वायरिंग. फॉगलाइट आणि इंडिकेटर यांच्यात एकही जोड सामाईक ठेवायचा नाही, हे एकच सूत्र.

बॅटरीच्या प्लसवरून वीतभर अंतराच्या आत ५ अँपिअरचा वेगळा फ्यूज, तिथून रिलेची (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ३० नंबरची पिन, ८७ वरून दिव्यांकडे. कॉइलच्या ८६ ला चावीनंतरचा करंट फॉगलाइटच्या स्विचमधून, ८५ अर्थला. कॉइल फक्त दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास घेते, त्यामुळे मूळ वायरिंगवर आता तेवढाच भार. कॉइल बंद होताना व्होल्टेजचा मोठा झटका मारते. तो इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरपर्यंत जाऊ नये म्हणून आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले घेतला. अशा रिलेत ८५ आणि ८६ ची अदलाबदल चालत नाही, पाठीवरची आकृती पाहूनच जोडला.

वायर दीड चौरस मिलिमीटरची, प्लसलाही आणि अर्थलाही. अर्थ चॅसिसवर न देता थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत नेला. अशी वायर मीटरला साडेअकरा मिलिओहमच्या आसपास भरते. जाऊन-येऊन अडीच मीटरला सव्वातीन अँपिअरवर तूट ०.१ च्या आतच. इंडिकेटरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या वायरीत तीच तूट तिप्पट झाली असती.

खराब झालेला हिरव्या वायरचा तुकडा कापला. दोन्ही बाजूंना चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे गेले, मग नवा तुकडा क्रिंप करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोडला आणि वर तापवली की आवळणारी गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह चढवली. हलत्या जागी सोल्डरचा डाग दिला नाही. डाग दिलेली वायर जोडाच्या कडेला कडक होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. बांधण्याआधी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून वायरीला ढील किती लागते ते पाहिलं. जोड बिजागरीपासून लांब हेडलाइटच्या आत ठेवला. मूळ फ्यूज परत १० चा.

२५ जानेवारी

फ्लॅशरच्या 'बी' पिनपर्यंतची तूट फॉगलाइट चालू असोत की बंद, ०.२५. डाव्या होल्डरच्या अर्थची तूट दोन्ही वेळा ०.०५. मला हवं होतं ते हेच, की फॉगलाइटचा स्विच दाबल्यावर आकडा हलू नये. हँडल कुठेही वळवलं तरी ८४. पायलट निमूट बंद.

उजवी बाजू मात्र संध्याकाळी पुन्हा धडधडली. तिचा फॉगलाइटशी संबंध नाही ही पहिल्या दिवसाची शंका खरी ठरली. मागच्या उजव्या होल्डरच्या तळाची स्प्रिंग गंजून बसली होती, बल्ब कधी टेकायचा कधी नाही. होल्डरच बदलला. नवीन दिवे बसवल्यानंतर जे जे बिघडतं ते सगळं त्यांच्याच माथी मारायची घाई करू नये. दोन दुखणी एकत्र दिसली तरी मोजायची वेगवेगळी.

१ फेब्रुवारी

धाकट्याने एलईडी इंडिकेटर आणले. सोबत भारावर अवलंबून नसलेला तीन पिनांचा फ्लॅशर. त्याला स्वतःचा अर्थ लागतो, तो दिला. बसवून डावं बटण दाबलं तर चारही इंडिकेटर एकदम मिचकावायला लागले. उजवं दाबलं तरी तेच.

धाकट्याचा चेहरा पडला. पण यात नवा बिघाड काही नाही, कारण मीटरमधल्या त्या एकाच दिव्यात आहे. हा दिवा डाव्या आणि उजव्या वायरीच्या मध्ये जोडलेला असतो, त्याला वेगळा अर्थ नसतोच. डावी बाजू चालू झाली की करंट या दिव्यातून उजव्या वायरीत उतरतो आणि उजव्या बल्बांमधून अर्थला जातो. १० वॅटच्या तारा तेवढ्याशा करंटने पेटत नाहीत, म्हणून इतकी वर्षं हे कोणाच्या लक्षात येत नाही. एलईडीला तेवढा करंट पुरेसा होतो.

उपाय दोन डायोडचा. मीटरच्या दिव्याच्या दोन्ही वायरी सोडवल्या. डाव्या वायरीवर एक आणि उजवीवर एक '१एन४००७' डायोड लावला, दोघांच्या पट्टीकडच्या बाजू एकत्र करून दिव्याच्या एका टोकाला, आणि दिव्याचं दुसरं टोक अर्थला. आता कुठल्याही बाजूचा करंट दिव्यापर्यंत येतो, पलीकडे जात नाही. तीन वॅटचा दिवा पाव अँपिअर घेतो, डायोड एक अँपिअरचा आहे, भरपूर झाला. डायोडवर पाऊण व्होल्टच्या आत-बाहेर जातं, त्याने मीटरमधला उजेड किंचित उतरला, पण दिवसा दिसतो.

मनात एक खंत राहिली. हा फ्लॅशर दिवा गेला तरी वेग बदलत नाही. तो इशारा या गाडीवर आता उरला नाही. म्हणून निघण्याआधी चारही दिवे डोळ्यांनी बघायची सवय लावून घे, असं धाकट्याला निक्षून सांगितलं. तो "हो ताई" म्हणाला, आणि त्याने ते मनापासून ऐकलंय असं वाटतं.

८ फेब्रुवारी

आठवडाभर गाडी चालली. धुऊनही झाली. जोड उघडून पाहिले, आत पाणी नाही, काळपट डाग नाही. वेग दोन्ही बाजूंना ८६.

धाकट्याच्या मित्राला नवीन कारवर असेच दिवे हवेत, म्हणून इथेच लिहून ठेवते. अनेक नव्या गाड्यांत इंडिकेटरला वेगळा फ्लॅशर नसतो. बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे वगैरे सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक, प्रत्येक दिव्याचा करंट स्वतः मोजतं आणि कधीकधी बंद दिव्यालाही क्षणभराचा पल्स देऊन तपासतं. मिचकावण्याची टिकटिक म्हणजे स्पीकरमधला आवाज. अशा गाडीच्या इंडिकेटरच्या किंवा हेडलाइटच्या वायरीतून जास्तीच्या दिव्यांना करंट घेतला, तर मॉड्यूल भार वाढला म्हणून ती लाइन बंद करू शकतं, किंवा मीटरवर चुकीचा इशारा देतं. दिवे थेट बॅटरीवरून फ्यूज आणि रिले लावूनच घ्यायचे. चालू-बंदचा इशारा फ्यूज बॉक्समधल्या चावीनंतरच्या रिकाम्या जागेवरून घ्यावा, जास्तीचा फ्यूज धरायच्या अडॅप्टरने, वायरीला ब्लेड न लावता. अर्थ कंपनीने दिलेल्या अर्थच्या बोल्टवर. ज्या गाडीत बॅटरीच्या मायनसवरच करंट मोजायचा सेन्सर असतो, तिथे मायनसच्या खांबावर वायर लावू नये. नाहीतर तो करंट सेन्सरच्या मोजणीत येत नाही.

लाल-काळ्या पेन्सिलीचा नकाशा स्वच्छ करून पुन्हा काढला. फ्यूज दोन: १० चा मूळ आणि ५ चा फॉगलाइटचा. रिले सीटखाली उजवीकडे. डायोड हेडलाइटच्या आत, मीटरच्या कपलरपाशी. एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवली, एक माझ्याकडे. राहिलेलं काम एकच: हँडलवरचा इंडिकेटरचा स्विच उजवीकडे जरा अडखळतो. त्याची तूट ०.१५ आहे, म्हणजे घाई नाही. पावसाळ्याआधी उघडून साफ करायचा.